पाळी सुटल्यानंतरची माणसं

कामगारवस्तीचं छायाचित्र म्हटलं की गिरणीची चिमणी, काजळलेले हात, फार तर संपाचा मोर्चा डोळ्यांसमोर येतो. कामाच्या तासांचे कागद मागे राहतात; हजेरीपट असतात, पगारपत्रकं असतात, युनियनची इतिवृत्तं असतात. पाळी सुटल्यावर ही माणसं कशात रमत होती, याचं दफ्तर मात्र कोणी ठेवत नाही. ती नोंद छायाचित्रकारच ठेवू शकतो, आणि तीही कुणी काम सोपवलं म्हणून नव्हे. लोकांच्या फावल्या वेळाचं चित्र हवं असेल तर स्वतःचा वेळ हिशेब न ठेवता घालवावा लागतो.

छायाचित्रकार सिर्का-लिसा कॉन्टिनेन यांचं काम पाहा. जन्म फिनलंडचा. १९६९मध्ये ‘अँबर’ या छायाचित्रकार-चित्रपटकारांच्या गटाबरोबर त्या इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसलला आल्या आणि बायकर या कामगारवस्तीत राहू लागल्या. पुनर्विकासात त्यांचं घर पाडलं जाईपर्यंत तिथेच राहिल्या. पुढे टाईन नदीच्या मुखाशी असलेल्या नॉर्थ शील्ड्समधल्या नृत्यशाळा त्यांनी टिपल्या, जवळच्या पुळणींवर सुट्टी घालवणारी कुटुंबं टिपली. गोदी आणि खाणी बंद पडत असताना नाचाचे वर्ग कसले टिपता, असा आक्षेप यावर घेता येईल. मला तो उलटा वाटतो. हातातला रोजगार जात असतानाही आई लेकीला नाचाच्या वर्गाला धाडते, तेव्हा त्या घराने अजून काय सोडलेलं नाही, ते कळतं. बेकारीचा आकडा हे सांगत नाही. पुळणीवरच्या खेळाचा तर मागमूसही उरत नाही. भरती आली की वाळूतली अक्षरं पुसली जातात. कॉन्टिनेन यांनी त्या चित्रमालिकेचं नावच ‘वाळूतलं लेखन’ अशा अर्थाचं ठेवलं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: गरिबाची सुट्टी ही सुखवस्तूंची करमणूक होते. मार्टिन पार यांनी १९८३ ते १९८५ या काळात लिव्हरपूलसमोरच्या न्यू ब्रायटन किनाऱ्यावर भडक रंगांत, फ्लॅश मारून टिपलेल्या चित्रांवर हाच ठपका आला. कचऱ्याशेजारी बसून आइस्क्रीम खाणारी मुलं पाहून लंडनमध्ये १९८६च्या प्रदर्शनावर टीकेची झोड उठली. तीच चित्रं आधी लिव्हरपुलात लागली होती, तेव्हा मात्र एवढा गहजब झाला नव्हता. ज्यांचा किनारा, त्यांना त्यात आपला नेहमीचा रविवार दिसला असावा. तरीही आक्षेप पुरता मिटत नाही, हे मान्य केलं पाहिजे. गर्दीतल्या प्रत्येकाची संमती घेणं शक्य नसतं, आणि पार त्याच परिसरात राहत होते एवढ्याने ती मिळाली असंही होत नाही.

म्हणूनच संमतीसाठी थांबून राहिलेले छायाचित्रकार क्रिस किलिप यांचा दाखला मला मोठा वाटतो. नॉर्थम्बरलंडमधल्या लाइनमथला खाणीचा कचरा समुद्रात टाकत. त्यातला कोळसा लाटांबरोबर परत येई आणि माणसं घोडागाड्या थेट पाण्यात घालून तो गोळा करत, विकत. किलिप १९७६मध्ये तिथे पहिल्यांदा गेले आणि हाकलले गेले. पुन्हा गेले, पुन्हा नकार मिळाला. १९८२मध्ये लोकांनी त्यांना थारा दिला, त्यानंतर किलिप यांनी तिथेच, त्यांच्या तळावर, स्वतःची कॅरव्हॅन आणून उभी केली.