अपंग विद्यार्थी आणि उद्योगशिक्षण



गावच्या शाळेत एखादे अपंग मूल येते, मागल्या बाकावर बसते, वर्षामागून वर्षे वरच्या वर्गात जाते आणि एके दिवशी शाळा सोडून घरी बसते. त्यास कोणी छळलेले नसते. उलट सर्वांनी त्याची कीवच केलेली असते. त्याचे दप्तर दुसऱ्याने उचलले, फळा पुसण्याची त्याची पाळी दुसऱ्यास दिली, बागकामाच्या तासाला त्यास सावलीत बसविले. अठराव्या वर्षी त्याच्यापाशी अपंगत्वाचा दाखला असतो, परंतु हातास कोणतेच काम ठाऊक नसते. ही हानी कारखान्याच्या दारात होत नाही. ती प्राथमिक शाळेतच होऊन चुकलेली असते.

उद्योगातून शिक्षण ही कल्पना आपल्या शाळांस नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी मूलोद्योगाचा विचार देशापुढे मांडला. जे सर्वसामान्य मुलास हितकर, ते अपंग मुलास तर अत्यावश्यक होय. कारण इतर मुले शेतात वा दुकानात वडीलधाऱ्यांच्या हाताखाली पाहून पाहून काम शिकतात. अपंग मुलास ही संधी घरी क्वचितच लाभते.

या बाबतीत नाशिकचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. १९७७ साली रजनीताई लिमये यांनी बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा नाशिक येथे सुरू केली. शाळेचे वय सरल्यावर या मुलांनी काय करावे, हा प्रश्न अशा प्रत्येक संस्थेपुढे उभा राहतोच. म्हणून शाळेच्या जोडीस पुढे उद्योगप्रशिक्षणही आले. अशा मुलांस शिकविण्याची रीत साधी आहे. कामाचे लहान लहान भाग पाडावयाचे. कागदी पाकीट करावयाचे असेल, तर प्रथम केवळ घडी घालणे, मग कड दाबणे, मग खळ लावणे आणि शेवटी दहा-दहांचे गठ्ठे बांधणे. एक भाग पक्का झाल्यावाचून दुसरा घ्यावयाचा नाही. हे काम कोणत्याही खेड्यातील शिक्षकास करता येईल.

दुसरे उदाहरण महाबळेश्वरचे श्री. भावेश भाटिया यांचे. ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली. अंधांसाठी १९५२ साली स्थापन झालेल्या ‘नॅब’ या संस्थेत मुंबई येथे ते मेणबत्त्या करण्यास शिकले, त्या हातगाडीवर विकू लागले आणि त्यातूनच पुढे अनेक अंध बांधवांस काम देणारा ‘सनराइज कँडल्स’ हा उद्योग उभा राहिला. प्रशिक्षण मिळाले, पण बाजारात स्वतः उभे राहण्याची सवयही होती, म्हणून हे घडले.

कायदाही आज पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून, ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या आहेत. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. तथापि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील काही व्यवसायांस आठवी, तर बहुतेकांस दहावी उत्तीर्ण असावे लागते. मूल त्याआधीच शाळेबाहेर पडले, तर सवलत असूनही ती त्याच्या हाती येत नाही.

तेव्हा शिक्षकांनी चार गोष्टी अवश्य कराव्यात. पहिली, वर्गातील प्रत्येक अपंग मुलाचा दाखला व ओळखपत्र झाले आहे किंवा नाही हे पाहावे. नसल्यास पालकांस सरकारी रुग्णालयाचा मार्ग दाखवावा. दुसरी, त्यास काय येत नाही याऐवजी काय येते, याची नोंद वर्षागणिक ठेवावी. कानाने मंद असलेल्या मुलाची नजर व बोटे बहुधा कामसू असतात की नाही, हे काम देऊनच कळेल. तिसरी, शाळेतील कामाची पाळी त्यासही द्यावी. वेळ अधिक लागला तरी हरकत नाही. चौथी, पैसे मोजणे, वेळ पाळणे आणि एकट्याने एस. टी. ने तालुक्यास जाऊन येणे, हे त्यास शिकवावे.

पुढील सोमवारी हजेरी घेताना असे एक नाव निवडावे आणि त्या मुलाच्या हाती फळ्याचे फडके द्यावे. आरंभास तेवढे पुरे आहे.