वाटाड्याच्या मागून : नवाहो भूमीतील एक घोडसफर



वाळवंटातील घोडेस्वारी हा विषय ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे चित्रपटातील एक परिचित दृश्य उभे राहिले असेल. तांबूस खडकांचे उंच सुळके, त्यांच्या पायथ्याशी पसरलेले ओसाड मैदान आणि त्या मैदानातून धुरळा उडवीत दौडणारा एकटा स्वार. हे दृश्य ज्या ठिकाणी पुनःपुन्हा चित्रित झाले, त्याचे नाव मॉन्युमेंट व्हॅली. जॉन फोर्ड या दिग्दर्शकाचा ‘स्टेजकोच’ हा चित्रपट १९३९ साली प्रदर्शित झाला आणि हे खोरे जगाच्या परिचयाचे झाले. त्या चित्रपटात स्थानिक नवाहो लोकांनी अपाची योद्ध्यांच्या भूमिका केल्या होत्या. आपल्याच घराच्या अंगणात त्यांना दुसऱ्या जमातीचे सोंग घ्यावे लागले, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते.

प्रत्यक्षात या खोऱ्यात येणारा प्रवासी भरधाव दौडत नाही, आणि एकटा तर मुळीच जात नाही. त्याच्या पुढे एक नवाहो वाटाड्या असतो. त्याच्या मागोमाग, कदम चालीने, प्रवाशाचा घोडा चालतो. असे का, एवढाच आज माझ्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम या भूमीविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या तीन राज्यांत नवाहो राष्ट्राचा प्रदेश पसरलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या आसाम राज्यापेक्षा थोडे कमी आहे. विंडो रॉक ही त्याची राजधानी होय. हे लोक स्वतःला ‘दिने’ म्हणवितात. या शब्दाचा अर्थ ‘माणसे’ असाच आहे. मॉन्युमेंट व्हॅली या प्रदेशाच्या उत्तर टोकास, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचा येथे खडक बनला. पुढे वारा, पाणी आणि थंडी यांनी त्याचा पुष्कळसा भाग झिजवून नेला व जे शिल्लक राहिले ते हे सुळके. त्यांपैकी काही ३०० मीटरपर्यंत उंच आहेत. लोहाच्या गंजामुळे त्यांना तांबडा रंग आला आहे. पाऊस वर्षाकाठी अवघा २० सेंटिमीटरांच्या आसपास पडतो. सेजब्रश, ज्युनिपर आणि काटेरी युका एवढीच काय ती हिरवळ.

१९५८ साली नवाहो आदिवासी परिषदेने हे खोरे आपले उद्यान म्हणून घोषित केले. अमेरिकेची सुप्रसिद्ध राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकारच्या ताब्यात असतात. हे उद्यान मात्र नवाहो राष्ट्राचे आहे. सुमारे २७ किलोमीटरांच्या एका कच्च्या रस्त्यावरून प्रवाशाला स्वतःच्या वाहनाने फिरता येते. त्या रस्त्यापलीकडे पाऊल टाकावयाचे असेल, तर बहुतेक ठिकाणी नवाहो वाटाड्या बरोबर असलाच पाहिजे.

मी तेथे गेलो तेव्हा हा नियम मला प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी केलेला वाटला होता. त्यात तथ्य नाही असे नव्हे. जुलै ते सप्टेंबर या काळात दूर कोठेतरी वळिवाची सर येते आणि डोक्यावर निरभ्र आकाश असताना कोरड्या ओढ्यात लोंढा उतरतो. वाळूवरच्या खुणा वारा तासाभरात पुसून टाकतो. माझा वाटाड्या मध्यम वयाचा आणि मितभाषी होता. निघण्यापूर्वी त्याने माझ्या खोगिराचा पट्टा दोनदा तपासला, रिकिबीची लांबी बेतली, आणि लगाम सैल ठेवा, घोड्याला वाट ठाऊक आहे, एवढेच सांगितले. घोडा खरोखरच माझ्या आज्ञेची वाट पाहत नव्हता. ओढ्याच्या काठाशी तो आपण होऊन थांबे, उतार हुंगी आणि पुढील घोड्याच्या टापांवर टाप ठेवीत खाली उतरे.

दुपार कलता कलता आम्ही एका सुळक्याच्या सावलीत आलो. तेथे मातीने लिंपलेले एक घुमटाकार होगन होते. नवाहो रीतीप्रमाणे त्याचे दार पूर्वेकडे, उगवत्या सूर्याकडे होते. थोड्या अंतरावर एक वृद्ध स्त्री मेंढरे वळीत होती. ते दृश्य इतके सुंदर होते की, मी लगाम सोडून कॅमेरा डोळ्याला लावला. वाटाड्याने काही न बोलता आपला घोडा वळविला आणि तो माझ्या व त्या स्त्रीच्या मध्ये आणून उभा केला. नंतर शांतपणे त्याने विचारले की, आपण तिला विचारले काय? मी खजील होऊन कॅमेरा खाली घेतला.

त्या क्षणी मला त्या नियमाचा खरा अर्थ कळला. जे मी निसर्गदृश्य समजत होतो ते कोणाचे तरी घर होते. या खोऱ्यात आजही कुटुंबे राहतात. वाटाड्या मला वाळवंटापासून वाचविण्यासाठी जितका होता, तितकाच तेथील माणसांना माझ्यापासून वाचविण्यासाठीही होता.

आता ज्या घोड्यावर मी बसलो होतो त्याविषयी. घोड्याचे मूळ उत्तर अमेरिकेतलेच. परंतु सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो त्या खंडातून नाहीसा झाला. पुढे स्पॅनिश लोकांनी तो पुन्हा आणला, व सतराव्या शतकात तो नैर्ऋत्येकडील जमातींच्या हाती आला. मेंढीही अशीच स्पेनहून आली. परकीयांनी आणलेली ही दोन जनावरे नवाहोंनी इतकी आपलीशी केली की, त्यांच्या कथांत सूर्यदेव निळ्या फिरोजाच्या घोड्यावर आरूढ होऊन आकाश ओलांडतो.

हे वैभव दोन वेळा हिरावले गेले. १८६३-६४ च्या हिवाळ्यात किट कार्सन याच्या हाताखालील सैन्याने नवाहोंची पिके जाळली व गुरे-मेंढरे पकडून नेली. उपासमारीने शरण आलेल्या आठ हजारांहून अधिक लोकांना सुमारे ५०० किलोमीटर पायी चालवीत पूर्व न्यू मेक्सिकोतील बॉस्के रेदोंदो येथे नेण्यात आले. यालाच ‘लाँग वॉक’ म्हणतात. तेथील पाणी खारट होते, पिके येत नव्हती, आणि रोगराईने असंख्य माणसे दगावली. अखेर १ जून १८६८ रोजी तह झाला आणि हे लोक आपल्या मायभूमीच्या एका भागात परतले. तहात त्यांना १५,००० मेंढ्या व शेळ्या देण्याचे कलम होते.

पण सर्वच जण त्या वाटेने गेले नव्हते. होस्किनिनी नावाचा एक पुढारी मोजकी माणसे आणि थोडी मेंढरे घेऊन सैन्याला चुकवीत या बाजूच्या दुर्गम खडकाळ मुलखात शिरला. चार वर्षांनी इतर लोक हात हलवीत परत आले, तेव्हा त्याचे कळप वाढलेले होते आणि त्यातून त्याने गरजूंना वाटा दिला, असे सांगतात. खोऱ्यातील एका पठाराला आज त्याचेच नाव आहे. वाटाड्याने चाबकाच्या टोकाने मला ते दाखविले. मी आजवर ज्याला ओसाड म्हणत होतो, त्या मुलखाने एका समाजाचे बीज जपले होते.

दुसरा आघात कायद्याच्या रूपाने आला. चराईमुळे जमिनीची धूप होते आणि तो गाळ कोलोरॅडो नदीवरील नव्या धरणात जाऊन साचेल, या भीतीने १९३३ पासून केंद्र सरकारने नवाहोंची मेंढरे, शेळ्या व घोडे सक्तीने कमी केले. पुष्कळ जनावरे मालकांच्या डोळ्यांदेखत मारली गेली. याच काळात चराईच्या परवान्यांची पद्धत आली. तिच्या हिशेबात एक घोडा पाच मेंढ्यांबरोबर मोजला जातो. तेव्हा जे कुटुंब घोडा बाळगते, ते पाच मेंढ्यांचा चारा त्याच्यासाठी राखून ठेवते. प्रवाशाने दिलेल्या भाड्यातून त्याची किती भरपाई होते, याचा विचार खोगिरावर बसताना मी केला नव्हता.

तथापि धुपीची भीती केवळ काल्पनिक होती, असेही म्हणता येणार नाही. मे २०१८ मध्ये दुष्काळात ग्रे माउंटन येथील एका आटलेल्या तळ्याच्या चिखलात १९१ मोकाट घोडे मृतावस्थेत आढळले. ते पाण्याच्या शोधात तेथे आले होते. नवाहो भूमीवर अशा मोकाट घोड्यांची संख्या हजारोंनी मोजली जाते. चारा आणि पाणी यांच्या मानाने ती फार आहे, हे नवाहो शासनही मान्य करते. ज्या जनावरावर इतकी माया, त्याचीच संख्या कशी आवरावी, हा प्रश्न आज त्यांच्यापुढे आहे. फरक एवढाच की, आता तो त्यांचा त्यांनी सोडवावयाचा आहे.

आपल्या भूमीविषयी स्वतः निर्णय घेणे म्हणजे काय, हे २०२० साली जगाला दिसले. महामारीचा या प्रदेशाला फार कठोर तडाखा बसला. नवाहो राष्ट्राने आपली उद्याने बंद केली आणि ती २०२१ च्या उन्हाळ्यात पुन्हा खुली केली. या काळात वाटाड्यांचे उत्पन्न बुडाले; परंतु ज्या घरांतील वृद्धांच्या मुखी भाषा, कथा आणि वाटांची नावे जिवंत आहेत, त्यांचे रक्षण अधिक मोलाचे मानले गेले.

मित्रहो, प्रवास म्हणजे स्वातंत्र्य, असे आपण मानतो. वाटाड्याच्या मागून चालणे त्यामुळे प्रथम जाचक वाटते. परंतु एखाद्याच्या घरी गेल्यावर आपण दारातच थांबतो, यजमान ‘या’ म्हणाला की आत जातो, आणि त्याने जी खोली दाखविली नाही तिच्यात डोकावत नाही. यात आपल्याला कमीपणा वाटत नाही. नवाहो भूमीवरील नियम याहून वेगळा नाही.

परतताना सुळक्यांच्या सावल्या मैदानभर लांबल्या होत्या. ती वृद्ध स्त्री मेंढरे घेऊन कुंपणापाशी पोहोचली होती. वाटाड्याने तिच्या भाषेत काही म्हटले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि हात हलविला. त्या क्षणाचे छायाचित्र माझ्यापाशी नाही, आणि त्याची खंतही नाही.