लोकरी मावा आणि त्याच्यावर पोसणारी गांधीलमाशी

(बिबवेवाडी, पुणे येथे ऊस उत्पादकांसमोर केलेले भाषण)



बिबवेवाडीत आता ऊस दिसायचा नाही. पण शेजारच्या मार्केट यार्डात माल उतरवून इथे आलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा घरी ऊस उभा आहे, म्हणून सरळ 2002 सालाकडे येतो. त्या वर्षी जुलैत लोकरी मावा सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात पसरला. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, त्याखालच्या पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. लोकांनी पंप पाठीला लावले. पण वाढलेल्या उसात माणूस शिरणार कुठे? त्यात ही मादी नराशिवाय थेट पिलेच घालते. चार माद्या वाचल्या की फड पुन्हा पांढरा! औषधाने मेले त्यात माव्याचे शत्रूही होते, हे उशिरा ध्यानात आले.

हे शत्रू म्हणजे कोनोबाथ्राची अळी आणि मायक्रोमस. हेक्टरी कोनोबाथ्राच्या 1000 किंवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडण्याची शिफारस आहे. ईशान्य भारतात हा मावा आधीपासून होता. तिथूनच एन्कार्सिया ही परोपजीवी गांधीलमाशी इकडे आणली गेली. नाव ऐकून दचकू नका, ती डंख मारीत नाही. मिलिमीटरभरसुद्धा नसलेली ही माशी माव्याच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते आणि नवी माशी मेलेल्या माव्याला गोल भोक पाडून बाहेर पडते.

तेव्हा लोकर दिसली की लगेच पंप काढू नका. पान उलटे करून भिंगातून पाहा. भोके पडलेले मावे आढळले तर तिथे फवारणी थांबवा. त्या पानांचे तुकडे संध्याकाळी कापून, मावा असलेल्या दुसऱ्या जागी पानाखाली दोऱ्याने बांधा. मात्र माशी नसलेले पान नेलेत तर नुसती कीडच नेलीत. माव्याच्या फडातले वाडे गाडीभर विकणे तर सोडाच. लागण दाट आणि युरिया जास्त, तिथे मावा हमखास माजतो.

आणखी एक सांगतो, हे माझे मत समजा. माशी चांगली वाढलेला पट्टा तोडणीत शेवटी ठेवा, म्हणजे शेजारच्या खोडव्याला ती आयती मिळेल.