परसातील तळे आणि हिवाळा
(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून आम्ही साहित्यावर बोलावे, अशी कार्यवाहांची इच्छा होती. परंतु शिमल्याच्या हिवाळ्याने आम्हांस जो धडा दिला, तोच आज आपल्यापुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

कोकणातून आलेल्या माणसास दारी पाणी असल्यावाचून घर हे घर वाटत नाही. म्हणून येथे बिऱ्हाड थाटल्यावर आम्ही परसात जेमतेम हातभर खोलीचे तळे बांधले आणि त्यात सहा सोनमासे सोडले. पहिल्याच जानेवारीत तळे गोठले. आम्ही घाबरून पहारीने बर्फ फोडला. दोनच दिवसांत चार मासे मेले. "ते थंडीने मेले, की आपण मारले?" या धाकट्या मुलीच्या प्रश्नास त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता आम्ही पाण्याचा स्वभाव शिकलो.

पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून गार झालेले पाणी हलके होऊन वर येते. म्हणून तळे वरून गोठते आणि बर्फाचे पांघरूण खालची ऊब राखते. पुरेशी खोली असेल तर मासे तळाशी जवळजवळ निश्चल राहून हिवाळा काढतात. त्यांचा घात करतो तो बहुधा कोंडमारा. कुजणारी पाने प्राणवायू शोषतात आणि त्यांतून निघालेले दूषित वायू बर्फाखाली अडकून पडतात.

तेव्हा सारे तळे मोकळे ठेवण्याची गरजच नसते. एक झरोका पुरतो. बर्फावर घाव घालू नये, कारण त्याचा हादरा पाण्यातून थेट माशांपर्यंत पोहोचतो. उकळत्या पाण्याने भरलेले पातेले, कडीला दोरी बांधून, बर्फावर ठेवावे. भोक आपोआप पडते. उकळते पाणी तळ्यात ओतू नये, मीठ तर मुळीच टाकू नये. हवेचा पंप असल्यास त्याची नळी पृष्ठभागाजवळ ठेवावी. तळाशी ठेवल्यास तेथील ऊब ढवळली जाते. पाण्याचे तपमान 10 अंशांखाली गेले की खाद्य बंद करावे. झडलेली पाने थंडीआधीच उपसावीत. बर्फावर साचलेले हिम हलक्या हाताने झाडावे, म्हणजे पाणवनस्पतींना उजेड मिळतो. आम्ही तळेही दोन हात खोल केले. उरलेल्या दोन माशांनी त्यानंतरचे अनेक हिवाळे पाहिले.

येथील लक्कड बाजारातील स्केटिंगचे मैदान 1920 पासून नैसर्गिक थंडीच्याच भरवशावर चालत आले आहे. तेथील मुले ज्या रात्रीसाठी देवाला साकडे घालतात, त्याच रात्री आम्ही पातेले घेऊन परसात उभे असतो. थंडीचा दोष नव्हता. दोष आमच्या अज्ञानाचा होता, हे मुलीला पुढे प्रांजळपणे सांगितले.

सर्व बाजूंनी परक्या भाषेचा वेढा असता या मंडळाने पन्नास वर्षे असाच एक झरोका उघडा ठेवला. तो पहारीने उघडला नाही. दर संक्रांतीला, दर गणेशोत्सवात, थोड्या ऊबेने राखला. ती ऊब पुढील पिढीच्या हाती सोपविणे हे आता आपले काम आहे.