न विचारलेला प्रश्न

गावच्या आरोग्यकेंद्रात एखादी बाई येते. डोके दुखते, हातापायांना मुंग्या येतात, झोप लागत नाही, एवढेच ती सांगते. डॉक्टर शक्तीच्या गोळ्या देतात. पंधरा दिवसांनी ती पुन्हा त्याच रांगेत! तिचे दुखणे खोटे नसते. पण त्याचे मूळ खिन्नतेत असले, तर ते विचारल्यावाचून कळत नाही. आणि ही खिन्नता कधी कधी जिवावरही बेतते.

मनोविकारतज्ज्ञ शहरांत आणि रुग्ण खेडोपाडी, अशी आपल्या देशाची स्थिती. म्हणून १९७५ च्या सुमारास बंगळूरजवळ सकलवारा येथे आणि हरियाणात रायपूर राणी येथे, प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना नेहमीचे मनोविकार ओळखून त्यांवर उपचार करण्याचे शिक्षण देण्याचे प्रयोग सुरू झाले. त्या अनुभवाच्या आधारे १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला.

पुढे गोव्यात डॉक्टरांच्या जोडीला समुपदेशक आले. ते मनोविकारतज्ज्ञ नव्हते. या कामापुरते शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. तज्ज्ञांची देखरेख मात्र त्यांच्यामागे होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतील रुग्णांना याचा लाभ झालेला दिसला; खाजगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही.

चार दिवसांचा वर्ग घेऊन हे काम संपत नाही. शिकविणाऱ्याने पाठीशी राहिले पाहिजे आणि शिकणाऱ्याने प्रत्येक वेळी थांबून विचारले पाहिजे : "बाई, मन कशात लागते का?"