कठीण भूमीवरचा चेंडू आणि वेजचा तळ

पावसाळा सरून दोनतीन महिने लोटले की पेडणे तालुक्यातील सड्यांचे रूप पालटते. श्रावणभाद्रपदात रानफुलांनी भरून गेलेला तोच माथा माघात तांबडा, उघडा आणि पावलाखाली वाजणारा होतो. गवत विरळ व आखूड उरते. त्याच्याखाली बोट, दोन बोटे माती, आणि तिच्याखाली लगेच जांभा. ज्या दगडाचे चिरे काढून गोव्यातील घरे उभी राहिली, तोच हा दगड होय. अशा भूमीवर गोल्फचा चेंडू ठेवला तर तो गवतात तरंगत नाही, सरळ मातीला टेकतो. चेंडू आणि भूमी यांच्यामध्ये लोखंड शिरावयास जागाच राहत नाही. गोल्फपटू ह्या स्थितीस ‘टाइट लाय’ म्हणतात, आणि चाळीस पावलांवरून ग्रीनवर चेंडू अलगद टाकावयाचा असता तिच्याइतकी धास्ती त्यास दुसऱ्या कशाचीही वाटत नाही.

पेडण्याचा आणि गोल्फचा संबंध कोणता, असा प्रश्न सहज उद्भवेल. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावरील त्या छोट्या गावाचे नाव मराठी वाचकांस १९५४ च्या सत्याग्रहामुळे परिचित आहे. एकविसाव्या शतकात तेच नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले ते तेथील माथ्यावर योजलेल्या गोल्फच्या मैदानामुळे. कुळांचे हक्क आणि काजूच्या बागा यांवरून उठलेला तो वाद न्यायासनापर्यंत गेला. त्या वादाचा निवाडा करणे हे ह्या भाषणाचे काम नव्हे. परंतु मैदान कसे असावे हा प्रश्न आणि खेळाडूच्या हाती कोणता क्लब असावा हा प्रश्न वाटतात तितके एकमेकांपासून दूर नाहीत.

जवळच्या अंतरावरून चेंडू उंच उडवून थांबविण्यासाठी जो तिरप्या तोंडाचा क्लब वापरतात तो वेज. त्याचे आजचे रूप सिद्ध झाले ते वाळूसाठी. जुन्या निब्लिकची धार पातळ असे. ती वाळूत रुतून बसे. १९३१ च्या सुमारास जीन सॅराझेन ह्या अमेरिकन खेळाडूने निब्लिकच्या तळाला मागील बाजूस शिशाचा झाळ देऊन तेथे एक फुगवटा आणला. विमान उड्डाण करिताना शेपटीची फळी ज्या रीतीने वळते ते पाहून ही कल्पना सुचली, असे तो पुढे सांगत असे. आता वाळूस प्रथम भिडे ती धार नव्हे, तर मागचा फुगवटा. आणि क्लब रुतण्याऐवजी वाळूतून घसरत बाहेर येई. १९३२ मध्ये प्रिन्सेस येथील मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, आणि त्याच वर्षी अमेरिकेची ओपनही. पुढच्या धारेपेक्षा मागची कड खाली असण्याचा जो कोन, त्यास ‘बाउन्स’ म्हणतात. दांडा सरळ उभा धरला असता तो मोजावयाचा. ४ ते ६ अंश असेल तर कमी, १० च्या वर गेला तर जास्त, असा सामान्यतः हिशेब आहे.

ह्या कोनाचे मर्म शेतकऱ्यास समजावून सांगावे लागणार नाही. नांगराचा फाळ भूमीत शिरतो, कारण त्याचे टोक खाली असते. चिखलणी झाल्यावर शेत सपाट करावयास जी फळी फिरवितात ती चिखलात बुडत नाही, कारण तिचा तळ रुंद असून पुढची कड किंचित वर असते. वेजमध्ये हा फाळ आणि ही फळी दोन्ही एकत्र आहेत. बाउन्स कमी केला तर फाळ प्रबळ होतो, वाढविला तर फळी. डिचोली तालुक्यात सड्यावरून उतरून भातशेतात पाऊल टाकले की दहा मिनिटांच्या वाटेत दोन्ही भूमी भेटतात. वर टाच आपटली तर झिणझिण्या येतात, खाली घोटा रुततो. दोन्हीकडे एकच अवजार चालेल असे तेथील कोणताही कष्टकरी म्हणणार नाही.

गोल्फपटू मात्र पुष्कळदा तसे म्हणतो. वाळूसाठी घेतलेले १४ अंशांचे रुंद तळाचे वेज तो कठीण भूमीवर चालवितो. चेंडूच्या मागे अर्धा इंच का होईना, तळ आधी भूमीस लागतो. वाळू वाट देते, जांभा देत नाही. क्लब उसळतो, त्याची धार चेंडूच्या ऐन मध्यावर बसते, आणि चेंडू सुसाट ग्रीनपलीकडच्या झुडपांत जातो. ह्या अनुभवाने पोळलेला खेळाडू दुकानात जाऊन सर्वांत कमी बाउन्सचे वेज मागतो. कठीण भूमीस कमी बाउन्स, हे सूत्र सर्वतोमुखी झाले आहे. ते खोटे नाही, अपुरे आहे.

पहिली उणीव अशी की क्लबवर कोरलेला आकडा हा केवळ कोनाचा आहे. तळाच्या रुंदीबद्दल तो मूक आहे. तळ सपाट कल्पून साधा हिशेब करावा. २० मिलिमीटर रुंद तळास १२ अंशांचा बाउन्स असेल, तर क्लब मागच्या कडेवर टेकला असता पुढची धार भूमीपासून सुमारे ४ मिलिमीटर वर राहील. २४ मिलिमीटर रुंदीस ६ अंश असतील तर ती अडीच मिलिमीटर वर राहील. आणि १४ मिलिमीटर रुंदीस १० अंश असले तरीही तितकीच. म्हणजे ‘६’ आणि ‘१०’ असे आकडे मिरविणारे हे दोन क्लब भूमीवर जवळजवळ सारखेच बसतात. प्रत्यक्षात तळ गोलसर असतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. पण आकड्यावर विसंबणाऱ्याची फसगत कशी होते हे दाखवावयास तो पुरेसा आहे.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. बाउन्स क्लबमध्ये जितका असतो तितकाच तो खेळणाऱ्याच्या हातांत असतो. दांडा लक्ष्याकडे ५ अंश झुकविला की १२ अंशांच्या बाउन्सचे ७ उरतात, आणि ५६ अंशांचा लॉफ्टही ५१ वर येतो. उलट, क्लबचे तोंड उघडे केले की बाउन्स वाढतो आणि धार वर उचलली जाते. कठीण भूमीवर तोंड उघडून चेंडू उंच उडविण्याचा मोह म्हणूनच अंगाशी येतो. कुऱ्हाड घालावी तसा वरून उभा घाव घालणाऱ्याच्या हाती ४ अंशांचे वेज दिले तर तो चेंडूआधी भूमीत धार घुसवील. जांभ्यावर धार पुरती शिरणारही नाही, अडकेल, मनगटास हिसका बसेल आणि चेंडू हातभर पुढे जाऊन थांबेल. अशा खेळाडूस ८ ते १० अंशांचे, पण अरुंद व गोलसर तळाचे वेज अधिक मानवते. भूमीस समांतर, केरसुणी फिरवावी तसा क्लब फिरविणाऱ्याने मात्र ४ ते ८ अंशांत राहावे.

तिसरी गोष्ट घासाईची. कुशल कारागीर वेजच्या टाचेकडचा आणि मागच्या कडेचा लोखंडाचा भाग घासून कमी करितात. इंग्रजीत त्यास ‘ग्राइंड’ म्हणतात. तोंड उघडले असता भूमीस प्रथम लागते ती टाच. तीच कमी केली असेल तर उघड्या तोंडानेही धार खालीच राहते. उघड्या भूमीवर ज्यास नेहमी खेळावे लागते त्याने क्लब घेताना आकड्याआधी टाच पाहावी. दुकानाच्या फरशीवर क्लब टेकवावा, तोंड थोडे उघडावे, आणि धारेखाली किती फट दिसते ते वाकून पाहावे. घरच्या जुन्या वेजचा तळही पुष्कळ सांगतो. तांबड्या भूमीवर दहा फटके मारून तो उलटा करावा. डाग धारेलगत असेल तर घाव उभा पडतो आहे. मागच्या कडेस असेल तर क्लब चेंडूआधी भूमीस लागतो आहे. मध्याच्या किंचित पुढे असेल तर क्लब बदलण्याचे कारण नाही. गोव्याच्या मातीने एवढा उपकार आपण होऊन केला आहे. अन्यत्र ह्यासाठी तळास खडू फासावा लागतो.

ऋतूचाही विचार हवा. वैशाखात वाजणारी तीच भूमी आषाढात लोण्यासारखी होते. म्हणून १४ क्लबांच्या मर्यादेत दोन वेज भिन्न तळांची ठेवावीत: ५६ अंशांच्या आसपासचे एक भरल्या तळाचे, वाळूसाठी व ओल्या मातीसाठी, आणि ५८ वा ६० अंशांचे दुसरे, टाच घासलेले, कोरड्या दिवसांसाठी. दोन्ही एकाच आकड्याची घेणे हा पैशाचा अपव्यय होय.

आणि कित्येकदा वेज थैलीतच राहू द्यावे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या वाऱ्याने वाळलेल्या, टणक मैदानावर ग्रीनच्या बाहेरून, वीसवीस पावलांवरूनही पटरने चेंडू सरपटत नेणे हे कमीपणाचे मानीत नाहीत. आठ क्रमांकाच्या लोखंडी क्लबने चेंडू थोडा उचलून पुढे घरंगळू देणे हाही तेथील जुना रिवाज आहे. हा खेळ मुळात कठीण भूमीवरच वाढला. गुबगुबीत हिरवळ हे त्याचे जन्मस्थान नव्हे. पाणी ओतून विसाव्या शतकात आणलेली ती चैन आहे.

तेरेखोलचा प्रश्न येथे पुन्हा येऊन भिडतो. उष्ण प्रदेशात अठरा होलांचे मैदान बारमाही हिरवे ठेवावयाचे तर उन्हाळ्यात रोज काही लाख लिटर पाणी लागते. सड्यावर पडणारा पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून झिरपून पायथ्याशी झरींच्या रूपाने बाहेर येतो, आणि त्या पाण्यावर खालची कुळागरे जगतात. मऊ हिरवळीखेरीज ज्यास खेळता येत नाही तो खेळाडू, नकळत का होईना, त्या पाण्यावर हक्क सांगतो. आपली दूर्वा म्हणजेच हरळी. उष्ण प्रदेशांतील कित्येक मैदानांवर बर्म्युडा ह्या नावाने हेच गवत किंवा त्याचे संकर लाविलेले असतात. पाण्याचा ताण पडला की ती तांबूस होते, मूळ धरून राहते, आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. अशा तांबूस हरळीवर आखूड कापलेल्या पट्ट्यातून सहा अंशांच्या, टाच घासलेल्या वेजने चेंडू नीट उचलता येतो.