दुखत नाही, म्हणूनच दात जातात

(नशिराबाद येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

दिवसभराची तलखी उतरल्यावर गच्चीवर आडवं व्हायचं सोडून इथे येऊन बसलेल्या नशिराबादकर मंडळी,

व्याख्यानमालेत शिवचरित्र असतं, संतसाहित्य असतं, फारच झालं तर हृदयविकार असतो. हिरड्या हा विषय पाहून काहींनी कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचली असेल. त्यांचं चुकलं नाही. दाढेला कीड लागली की माणूस रात्री दोन वाजता उठून लवंग शोधतो, अख्खं घर जागं करतो. हिरडीचा आजार मात्र पंधरा-वीस वर्षं तोंडात मुक्काम ठोकतो आणि घरमालकाला पत्ता लागू देत नाही. ‘डॉक्टरसाहेब, दात हालतो, पण दुखत नही,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की रुग्ण बोलायला लागला की पुढचं मीच पूर्ण करतो. आणि त्या ‘पण दुखत नही’मध्ये त्याला दिलासा वाटत असतो!

आधी हे होतं कसं ते बघू. घासलेल्या दातावर काही तासांतच जंतूंचा पातळ, चिकट थर बसायला लागतो. चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. राहिला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचं कीटण होतं. घरी गेल्यावर जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला फिरवून बघा. बऱ्याच जणांना तिथे खरखरीत बांधच लागेल. जिभेखालच्या लाळेच्या नळ्या नेमक्या त्याच्यासमोर उघडतात, म्हणून कीटण तिथे लवकर धरतं. या थराशी शरीर लढायला लागतं आणि हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येतं. हा पहिला टप्पा. इथे नीट सफाई झाली तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झालं तर काही माणसांत ही लढाई खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये कप्पा तयार होतो आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. केळीच्या बुडाची माती वाहून गेली की खोड कितीही रसरशीत असलं तरी वावटळीत आडवं होतं. तसा कीड नसलेला, पांढराशुभ्र दात हातात येतो. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

रक्त येणं हे साधं आहे, सगळ्यांनाच येतं, असं मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. भाकरी थापताना रोज तळहातातून रक्त आलं असतं तर कुठली माउली गप्प बसली असती? १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए या संशोधकाने १२ निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा सफाई सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. कारण काय, याचा निकाल तिथेच लागला.

मग सभेतून हमखास एक प्रश्न येतो. ‘आमच्या आजोबांनी ब्रश डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायचे. त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर श्रीलंकेच्या चहामळ्यांत मिळालं. याच लोए यांच्या गटाने तिथल्या ४८० मजुरांना १९७० पासून पंधरा वर्षं तपासलं. हे लोक दात घासत नसत. सगळ्यांच्या दातांवर थर, हिरड्या सुजलेल्या. तरीही सुमारे ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. ८१ टक्के लोकांचं हाड हळूहळू झिजलं आणि ८ टक्क्यांचं झपाट्याने. म्हणजे घाण सारखी असली तरी नुकसान सारखं होत नाही. ज्याच्या त्याच्या शरीराची प्रतिक्रिया, अनुवंश, सवयी, इतर आजार यांवर ते ठरतं. तुमचे आजोबा त्या अकरांत होते. तुम्ही कशात आहात, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आजोबांची जमीन वारसाने मिळते, हिरडी मिळेलच असं नाही.

सवयी म्हटलं की आपल्या भागात तंबाखूपासून सुरुवात करावी लागते. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले जवळपास एक चतुर्थांश प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; ती कितपत पाळली जाते ते मी सांगायला नको. पण गुटखा निदान वाईट समजला जातो. मिश्री औषध म्हणून खपते. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी अंगणात बसून बोटाने दहा-पंधरा मिनिटं हिरडीवर चोळायची. ‘तेवढीच एक सवय आहे हो,’ असं मावशी म्हणतात, आणि दिवसातून तीनदा लावतात. ती लावल्यावर बरं वाटतं ते निकोटिनमुळे. बोटाच्या घर्षणाने दाताचा हिरडीलगतचा भाग झिजतो, हिरडी खाली सरकते. ओठाआड चिमूट धरणाऱ्यांची तर नेमकी त्याच जागची हिरडी उतरलेली आणि कातडी पांढरट, सुरकुतलेली दिसते. तो पांढरा भाग कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो. विडी-सिगारेटवाल्यांची गंमत वेगळी. धुरामुळे हिरडीतलं रक्त येणंच दबतं. वर सगळं शांत आणि आत हाड चाललेलं.

दुसरा मोठा साथीदार मधुमेह. शुगर ताब्यात नसली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीतली सततची सूज शुगर ताब्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी तपासलेली तीन महिन्यांची सरासरी शुगर साधारण ०.४ टक्क्यांनी उतरते, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. ही गोळीची जागा घेणारी गोष्ट नाही, पण फुकट सोडण्यासारखीही नाही. तेव्हा शुगरच्या फाइलीत दातांच्या डॉक्टरांचाही एक कागद असू द्या. फिट्सच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरडी वाढते. ती गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात हिरड्या सुजतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात सफाई सुरक्षितपणे करता येते.

आता निदान. त्यासाठी लागणारं मुख्य हत्यार काही लाखांचं नाही. एक बारीक धातूची काडी, टोकाला अर्धा मिलिमीटरचा गोल मणी, आणि साडेतीन ते साडेपाच मिलिमीटरवर काळा पट्टा. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद सरकवायची. एक ते तीन मिलिमीटर आत गेली तर ठीक. काळा पट्टा हिरडीत गडप झाला तर कप्पा खोल आहे. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी माप घेतात, मदतनीस आकडे लिहून घेते. ‘तीन, दोन, तीन... सहा, सात...’ खुर्चीवरचा माणूस ते ऐकत असतो आणि सातला त्याच्या कपाळावर आठी पडते. पुढे एक्स-रेमध्ये हाड किती राहिलं ते दिसतं. नुसता आरसा घालून ‘सगळं ठीक’ म्हणणं ही हिरड्यांची तपासणी नव्हे, हे माझ्या व्यवसायबंधूंनाही मी ऐकवतो.

उपचारांकडे वळण्याआधी एक भूत उतरवायला हवं. ‘दात साफ केले की ढिले होतात.’ या एका वाक्याने जेवढे दात पाडले तेवढे कुठल्याही जंतूने पाडले नसतील. खरं काय होतं? हाड आधीच गेलेलं असतं. हलणारे दात कीटणाने एकमेकांना चिकटून उभे असतात. कीटण निघालं की त्यांची खरी स्थिती उघडी पडते. सूज उतरल्यावर फटी दिसतात, थंड पाणी काही आठवडे झोंबतं. साधी हिरडीची सूज असलेल्याचा घट्ट दात सफाईने हलत नाही.

आणि हे परदेशी खूळही नाही. सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत, त्यांतले १५ दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे. हिरडीतून अचानक रक्त येणं, दुर्गंधी, मऊ पडणं याला तिथे शीताद म्हटलंय; पू-रक्त येऊन दात हलले तर दंतवेष्ट. दातावरची शर्करा दंतमुळाला इजा न करता काढावी, असंही सुश्रुत सांगतो. म्हणजे सफाई आपलीच आहे, फक्त आपण ती विसरलो.

आजार हाडापर्यंत गेला असेल तर भूल देऊन हिरडीखालची मुळंही साफ करतात. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा माप घेतात. बहुतेक कप्पे तेवढ्यानेच आक्रसतात. जे खोल राहतात तिथे हिरडी उघडून छोटी शस्त्रक्रिया करतात, हाडातल्या ठरावीक आकाराच्या खड्ड्यांत भर घालता येते. मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांनी चार दिवस सूज दबते. कीटण जागच्या जागी असतं. आणि शस्त्रक्रिया झाली म्हणजे सुटलो असंही नाही. अशा रुग्णाने दर तीन महिन्यांनी यायला हवं. इथेच बहुतेकजण गळतात.

घरचं काम थोडक्यात सांगतो. मऊ ब्रश, हिरडीकडे तिरका धरून, दोन मिनिटं, रात्री नक्की. फटी असतील तर फटीत जाणारा छोटा ब्रश. कडुनिंबाची काडी मला मान्य आहे, पण दोन दातांमध्ये ती पोहोचत नाही. राख, विटेची भुकटी आणि कोळसा मान्य नाहीत.

खर्चाचं कारण काढू नका. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय इथून फार लांब नाही, धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जातो, पैसे कमी जातात. उद्या सकाळी घासल्यावर थुंकी बघा. लाल दिसली तर केळीची कापणी होऊ द्या, लग्नसराई संपू द्या असं म्हणत बसू नका. आणि डॉक्टरांकडे गेलात की एवढंच म्हणा, ‘साहेब, काडी घालून माप घ्या आणि आकडे मला लिहून द्या.’